गच्चीचा पांढरा रंग तिसऱ्या उन्हाळ्यात किती पांढरा राहतो?

छत थंड ठेवणाऱ्या रंगाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा पहिल्या दिवसाचा असतो. प्रयोगशाळेत स्वच्छ पट्टीवर रंग लावला, वाळवला, मोजला आणि लिहिलं की ८५ टक्के ऊन परत फिरतं. त्यात खोटं काही नाही. पण तुमच्या गच्चीवर त्याच रंगाला पुढची कित्येक वर्षं काढायची असतात. एप्रिलची धूळ, जून-जुलैचा पाऊस, कबुतरं, वाळवणाच्या खाटा, टाकी धुवायला येणाऱ्यांचे पाय, हे सगळं त्याच्या वाट्याला येतं. म्हणून रंग घेताना विचारायचा तो तिसऱ्या वर्षाचा आकडा. तो विचारला की दुकानदाराचा सूर बदलतो, आणि दोन डब्यांमधला खरा फरकही तिथेच कळू लागतो.

आधी ऊन आणि स्लॅब यांचा हिशोब पाहू. तो कळला की पुढचं सोपं जातं.

मे महिन्यात भर दुपारी निरभ्र आकाशातून एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट इतकं ऊन पडतं. जुनी, काळवंडलेली सिमेंटची गच्ची त्यातला जेमतेम पाव भाग परत पाठवते आणि ७५० वॉट पोटात घेते. गच्ची ५०० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे साडेशेहेचाळीस चौरस मीटर असेल, तर ती ३५ किलोवॉट उष्णता शोषते. घरातली इस्त्री एक किलोवॉटची धरा. म्हणजे डोक्यावर ३५ इस्त्र्या चालू आहेत. ८५ टक्के परावर्तनाचा कोरा पांढरा लेप दिला की हा आकडा सातवर येतो. तीन वर्षांत तोच लेप मळून ६२ टक्क्यांवर आला, तर अठरा. सातवरून अठरावर जाणं हे मोठं नुकसान आहे, पण पस्तीसवरून अठरावर येणं हा अजूनही मोठा फायदा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि विकणारे त्यातली एकच सांगतात.

शोषलेली सगळीच उष्णता खोलीत उतरत नाही. बरीचशी वारा घेऊन जातो, काही आकाशाकडे निघून जाते. पण उरलेली स्लॅबमध्ये साठते आणि संध्याकाळनंतर सावकाश खाली येते. अकोल्याला किंवा चंद्रपूरला वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्री अकरा वाजता पंख्याखाली जी गरम हवा लागते, ती दुपारची शिल्लक. खालच्या खोलीच्या तापमानात रंगामुळे फरक पडतो तो काही अंशांचाच, आणि तोही फक्त छतालगतच्या मजल्यावर. पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्याला त्याचं काही मिळत नाही. सोसायटीच्या सभेत वर्गणीचा विषय निघण्याआधी हे स्पष्ट झालेलं बरं.

परत पाठवण्याच्या जोडीला आणखी एक गुण लागतो. जी उष्णता आत शिरलीच, ती पृष्ठभागाने आकाशाकडे पटकन सोडून द्यायला हवी. त्याला उत्सर्जकता म्हणतात. बहुतेक सगळे रंग, चुना, सिमेंट आणि फरशी या बाबतीत चांगले असतात. त्यांचा आकडा ०.८५ ते ०.९५ च्या घरात असतो. उघडा, चकचकीत धातू मात्र यात फार मागे पडतो. नवा पत्रा डोळे दिपवतो, ऊनही बऱ्यापैकी परत पाठवतो, तरी त्याला हात लावला तर चटका बसतो, कारण त्याने घेतलेली उष्णता त्याच्याकडून सुटत नाही. चंदेरी अ‍ॅल्युमिनियम पेंटची अडचणही हीच. छत थंड ठेवायला तो पांढऱ्या लेपाची बरोबरी करू शकत नाही, चकाकी कितीही असो.

या दोन गुणांचा मिळून एक निर्देशांक काढतात, तो डब्यावर एसआरआय या नावाने छापलेला असतो. ठरलेल्या काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि ठरलेल्या पांढऱ्याला शंभर अशी ती मोजपट्टी आहे. त्यामुळे १०४ किंवा १०८ असा आकडा दिसला तर दचकू नका. त्या ठरलेल्या पांढऱ्यापेक्षा सरस, एवढाच त्याचा अर्थ. आणि डोळ्यांवर फार विसंबू नका. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते, त्यामुळे शेजारी शेजारी सारखेच पांढरे दिसणारे दोन रंग मोजले तर वेगळे निघू शकतात.

मळ: सगळ्यात मोठा चोर

लेप जुना होतो म्हणजे काय होतं? लोकांना वाटतं पोपडे सुटतात. ते पुढचं. सगळ्यात आधी तो मळतो, आणि हे फार लवकर होतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी खऱ्या छतांवरच्या पांढऱ्या लेपांची मोजमापं १९९७ साली प्रसिद्ध केली. परावर्तनातली बहुतेक घट पहिल्याच वर्षात झालेली होती. एका छतावर तर वर्षभराच्या घटीपैकी सुमारे ७० टक्के पहिल्या दोन महिन्यांत. त्यानंतर वेग मंदावतो आणि आकडा एका पातळीवर स्थिरावतो. त्याच अभ्यासात छत धुतल्यावर परावर्तन मूळच्या ९० ते १०० टक्क्यांपर्यंत परत आलेलं दिसलं. म्हणजे रंग मेलेला नव्हता, झाकला गेला होता.

म्हणूनच तिकडे जुन्या झालेल्या लेपाच्या आकड्याला महत्त्व आलं. अमेरिकेत छताच्या मालाचे नमुने फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना आणि ओहायो अशा तीन वेगळ्या हवामानांत तीन वर्षं उघड्यावर ठेवतात, मग पुन्हा मोजतात, आणि दोन्ही आकडे जाहीर करतात. कॅलिफोर्नियाचा इमारत नियम बिगर-निवासी इमारतींच्या सपाट छतांसाठी तीन वर्षांनंतरचं परावर्तन ०.६३, म्हणजे ६३ टक्के, मागतो. आपल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत ०.६० हा आकडा आहे, पण तो सुरुवातीचा. माझ्या मते ही त्या आवृत्तीतली मोठी उणीव आहे. पहिल्या दिवशी ०.६० असलेलं छत तिसऱ्या वर्षी कुठे असेल, हे ती विचारतच नाही.

विक्रेत्याकडे तीन वर्षांनंतरचा आकडा नसेल तर अंदाज बांधायला कॅलिफोर्नियाच्याच नियमातलं एक सूत्र उपयोगी पडतं. जागेवर लावलेल्या लेपासाठी: सुरुवातीच्या आकड्यातून ०.२ वजा करा, उरलेल्याला ०.६५ ने गुणा, त्यात पुन्हा ०.२ मिळवा. ०.८५ चे ०.६२ होतात, वरच्या हिशोबातला आकडा तिथूनच आला. ०.७५ चे ०.५६. हे सूत्र मुद्दाम सावध ठेवलेलं आहे. चांगला, मळ न धरणारा लेप याहून वर राहतो, आणि तसं असेल तर त्याच्या कंपनीने मोजमाप दाखवावं.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपला पाऊस जूनमध्ये येतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत गच्चीवर धूळ, वाहनांचा धूर, बांधकामांची भुकटी आणि परागकण साठत राहतात, धुऊन काढायला एक वळिवाची सर मिळाली तर मिळाली. म्हणजे ऊन जेव्हा सर्वांत कडक असतं, नेमकं तेव्हाच आपलं छत सर्वांत मळकं असतं. पाऊस येऊन ते स्वच्छ करतो तेव्हा उन्हाळा संपलेला असतो. म्हणून मार्चअखेरीला एकदा खराटा आणि पाणी घेऊन गच्ची धुणं, मऊ ब्रशने घासणं, हे महागडा डबा निवडण्याइतकंच मोलाचं आहे. जिथे पाण्याची टंचाई असते तिथे निदान कोरडं झाडून घ्या आणि ओल्या फडक्याच्या मॉपने पुसा. धुताना ॲसिड वापरू नका आणि तारेच्या ब्रशने घासू नका. दोन्हींमुळे लेपाचा वरचा थर जातो.

कोकणात आणि घाटमाथ्यावर चोर वेगळा. तिथे धूळ कमी, पण शेवाळ आणि बुरशी. चार महिन्यांच्या सततच्या ओलीत पांढरा लेप आधी हिरवट आणि मग काळा पडतो, आणि हा काळेपणा नुसत्या पाण्याने निघत नाही. अशा ठिकाणी बुरशीरोधक द्रव्य घातलेला लेप घ्यावा. झिंक ऑक्साइड असलेले अ‍ॅक्रिलिक लेप बरे टिकतात, कारण ते बुरशीला आवर घालतं आणि अतिनील किरणांपासूनही थोडं संरक्षण देतं. रत्नागिरीचा अनुभव नागपूरला किंवा नागपूरचा रत्नागिरीला लागू करू नये, याचं कारण हेच.

मळ किती चिकटेल हे लेपाच्या मऊपणावरही ठरतं. जाहिरातीत लिहितात, ‘पाचशे टक्के ताणला जातो’. ताण हवा, कारण स्लॅब हलतो. काँक्रीटचा दहा मीटर लांब स्लॅब ३० अंशांच्या चढउतारात सुमारे तीन मिलिमीटर लांबतो-आखडतो, आणि त्यावरच्या भेगा रोज उघडतात-मिटतात. पण ताण मिळावा म्हणून रेझीन, म्हणजे लेप बांधून धरणारं द्रव्य, फार मऊ ठेवलं की ऐन उन्हात पृष्ठभाग चिकट होतो आणि धूळ त्यात रुतून बसते. ती मग पावसानेही निघत नाही. चांगला लेप या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. शिवाय ताणाचा आकडाही पहिल्या दिवसाचाच असतो. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेल्या लेपात किती ताण शिल्लक राहतो, ते विचारा.

कोणता लेप कशात कमी पडतो

चुन्यापासून सुरुवात करतो, कारण त्याला हिणवलं जातं आणि ते योग्य नाही. ताजा चुना परावर्तनात महागड्या रंगांच्या जवळ जातो, उत्सर्जकता उत्तम, आणि त्याच्या क्षारामुळे सुरुवातीला शेवाळही धरत नाही. अहमदाबादने २०१० च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली, ती या चुन्याच्या जोरावर. त्याचं आयुष्य मात्र एका उन्हाळ्याचं. पाय लावला की पांढरे होतात आणि पावसाळ्यात तो वाहून जातो. डिंक किंवा फेविकॉल घालून थोडी पकड वाढते, तरी दुसऱ्या वर्षी पुन्हा लावावाच लागतो. ज्याला दरवर्षी मार्चमध्ये स्वतः किंवा घरच्यांबरोबर ब्रश हातात घेणं शक्य आहे, त्याला चुन्यापेक्षा स्वस्त थंडावा मिळणार नाही. गच्चीचं पाणी साठवत असाल तर पहिले एक-दोन पाऊस टाकीत घेऊ नका. खरं तर हे कोणत्याही लेपाला लागू आहे.

बाहेरच्या भिंतीचा उरलेला पांढरा इमल्शन गच्चीवर मारतात, तो प्रकार टाळा. भिंतीवर पाणी थांबत नाही, गच्चीवर थांबतं, आणि त्या रंगात ते सोसायची ताकद नसते.

सर्वांत जास्त वापरला जातो तो पाण्यात मिसळणारा लवचिक अ‍ॅक्रिलिक लेप. लावायला सोपा, वास कमी, उन्हात पिवळा पडत नाही, आणि जुन्यावर नवा हात सहज बसतो. हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे, लोक तो हिशोबात धरत नाहीत. त्याचा शत्रू म्हणजे साचलेलं पाणी. पाणी दोन-दोन दिवस उभं राहिलं की अ‍ॅक्रिलिक ते हळूहळू शोषतं, मऊ पडतं, फुगतं आणि सुटतं. गच्चीवर पोपडे कुठे आलेत ते पाहा. बहुधा पावसाळी पाइपाच्या तोंडाशी, टाकीच्या पायाशी किंवा जिथे उतार चुकलाय तिथेच सापडतील. स्वस्त अ‍ॅक्रिलिकमध्ये आणखी एक गोम असते. शुभ्रपणा देणारं टायटॅनियम डायऑक्साइड महाग असतं, त्यामुळे ते कमी घालून खडूची भुकटी वाढवतात. डब्यात रंग तितकाच घट्ट दिसतो, पण वर्षभराने त्यावर हात फिरवला की तळवा पांढरा होतो. वरचा थर पीठ होऊन झडतोय, असा त्याचा अर्थ.

पॉलियुरेथेन, म्हणजे मिस्त्री ज्याला पीयू म्हणतात, तो वर्दळीला चिवट. खाटांचे पाय, सौर बंबाचे स्टँड, एसीचे बाहेरचे युनिट, मुलांचं खेळणं हे सगळं तो सोसतो. पण त्यात दोन जाती आहेत आणि कोटेशनमध्ये नुसतं ‘पीयू’ लिहिलेलं असतं. अ‍ॅरोमॅटिक पीयू स्वस्त आणि मजबूत, पण उन्हात पिवळा पडतो आणि भुकटी धरतो. त्याचं काम खालच्या थराचं. उन्हाला तोंड द्यायला वर अ‍ॅलिफॅटिक पीयूचा थर लागतो. वरचा थर कोणता, ते लेखी मागा. पहिल्या वर्षात पिवळसर झालेल्या ‘पांढऱ्या’ गच्च्यांचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

सिलिकॉनचं नाव आता आपल्याकडेही ऐकू येतं. त्याची रासायनिक घडणच अशी आहे की अतिनील किरणांनी ते सहसा तुटत नाही, भुकटी होत नाही आणि पाणी साचलं तरी फुगत नाही. हे गुण खरे आहेत. पण त्याच्या पृष्ठभागावर मळ चांगलाच बसतो, त्यामुळे पहिल्या दिवशी सर्वांत शुभ्र असलेलं सिलिकॉन तिसऱ्या वर्षी अ‍ॅक्रिलिकच्या बरोबरीला किंवा खालीही येऊ शकतं. ओलं झालं की ते कमालीचं निसरडं होतं; ज्या गच्चीवर वयस्कर माणसं जातात तिथे मी ते सुचवणार नाही. आणि एकदा सिलिकॉन लावलं की त्यावर सिलिकॉनखेरीज काही चिकटत नाही. पुढच्या वेळी तोच माल घ्यायचा, नाहीतर सगळं खरवडून काढायचं. पाणी साचतं म्हणून सिलिकॉन घ्या, असं कोणी म्हणालं तर मी आधी म्हणेन, उतार नीट करा. कोबा काढून उतार देणं खर्चिक असतं हे मान्य, पण साचलेलं पाणी फक्त रंगाचंच नुकसान करत नाही. उतार करणं शक्यच नसेल, तर मात्र सिलिकॉनला पर्याय कमी आहेत.

फ्लोरोपॉलिमरचे, म्हणजे फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचे, लेप मळ न धरण्यात आणि उन्हाला तोंड देण्यात सर्वांत सरस आहेत, आणि किमतीतही. घरगुती गच्चीला त्यांचा विचार सहसा होत नाही. कारखान्यात रंगवून येणाऱ्या पत्र्यांवर ते पाहायला मिळतात.

ज्या गच्चीवर रोजचा वावर आहे तिथे लेपाऐवजी चायना मोझॅक पाहावं. पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्सचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेली ही जुनी पद्धत टिकाऊपणात सगळ्या डब्यांना मागे टाकते. काच चढवलेला पृष्ठभाग उन्हाने बिघडत नाही आणि पाणी मारलं की स्वच्छ होतो. पण सांध्यांमधलं सिमेंट काळं पडतं, तेवढं परावर्तन जातं, आणि मुख्य म्हणजे वजन. जुन्या इमारतीवर आधीच विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल, तर त्यावर हा थर चढवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नका.

पत्र्याच्या घरांना फायदा सर्वांत जास्त, कारण पत्र्याखाली उष्णता अडवणारं काहीच नसतं. तिथे लेपापेक्षा गंज आधी पाहावा: गंजरोधक प्रायमर, स्क्रूचे वॉशर बदलणं, जोडांवर कापडी पट्टी घालून भरणं. नवा गॅल्व्हनाइज्ड पत्रा गुळगुळीत असतो, त्यावर योग्य प्रायमरशिवाय काही टिकत नाही. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ते कोरडे घासू नका, ग्राइंडर लावू नका, जोराचा पाण्याचा फवाराही नको. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की परत निघत नाहीत. आणि कोणत्याही जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, खाली वासा असेल तिथे फळी टाकून चाला.

‘नॅनो’, ‘सिरॅमिक’, ‘अवकाश तंत्रज्ञान’ या शब्दांबद्दल एवढंच. लेपात पोकळ कण घातले म्हणून तो उष्णतारोधक गादी होत नाही. तीन दशांश मिलिमीटरच्या थराचा उष्णतेला होणारा विरोध त्याखालच्या स्लॅबच्या विरोधाच्या दहावा हिस्साही नसतो. फायदा होतो तो परावर्तनामुळे, आणि परावर्तन मोजता येतं.

जाडी, पकड आणि महिना

आता ज्या गोष्टीवर टिकाऊपणा सर्वांत जास्त ठरतो आणि जिच्याकडे सर्वांत कमी पाहिलं जातं, ती: वाळल्यावर उरलेली जाडी.

एक लिटर रंग एक चौरस मीटरवर पसरला तर ओला थर एक मिलिमीटरचा होतो. त्यातलं पाणी उडून गेलं की घन भाग उरतो. हा घन भाग आकारमानाने ५० टक्के असेल तर वाळलेला थर अर्धा मिलिमीटर. छतावरच्या अ‍ॅक्रिलिक लेपाला साधारण एवढी जाडी हवी. म्हणजे एका लिटरमध्ये अंदाजे पावणेअकरा चौरस फूट. आता डब्यावर किंवा कोटेशनमध्ये ‘दोन हातांत ३० चौरस फूट प्रति लिटर’ असं लिहिलेलं असेल, तर वाळलेली जाडी भरते ०.१८ मिलिमीटर. खरखरीत सिमेंटची टोकं एवढ्या थरातून वर डोकावतात. ती पहिल्या वर्षी उघडी पडतात आणि लेप तिथूनच मरायला लागतो. माल उत्तम असूनही गच्ची दोन वर्षांत खराब होते ती अशी, आणि मग दोष मालाला दिला जातो. डब्यावरचा घन भाग वजनाने दिलाय की आकारमानाने, हेही बघा. वजनाचा आकडा नेहमी मोठा दिसतो आणि जाडीच्या हिशोबाला तो चालत नाही. ही जाडी एकाच हातात द्यायची नसते, नाहीतर वर साय धरून आत ओल राहते आणि थर तडकतो. दोन-तीन हात, प्रत्येक आधीच्याला आडवा.

पकड तपासायचा एक साधा मार्ग आहे आणि तो कोणालाही जमतो. काम देण्यापूर्वी गच्चीवर तीन-चार ठिकाणी हातभर जागा ठरल्या पद्धतीने साफ करून घ्या. प्रायमर, मग लेपाचा पहिला हात. ओल्यातच सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी त्यात दाबा, एक टोक मोकळं ठेवा, वरून दुसरा हात द्या. दोन आठवडे चांगलं वाळू द्या. मग मोकळं टोक धरून उलटं ओढा. कापड तंतू मागे सोडत, फाटत निघालं तर पकड चांगली आहे. लेपासकट अख्खं उलगडत आलं तर थांबा आणि मागची बाजू पाहा. तिथे सिमेंटची भुकटी चिकटलेली दिसली तर दोष रंगाचा नाही; गच्चीचा वरचा थरच कुजलेला आहे, आणि तो काढल्याशिवाय कोणताही डबा वाया जाणार.

ओल तपासायला प्लॅस्टिकचा कागद पुरतो. संध्याकाळी हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि सकाळी उचला. खालून दवासारखे थेंब दिसले तर स्लॅबमध्ये पाणी आहे. त्यावर लेप दिला तर उन्हाने वाफ होऊन फुगे येणारच. आणि परावर्तक रंग म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. गळती असेल तर ती आधी शोधून बंद करावी लागते. पांढरा रंग तिला फार तर वर्षभर झाकतो.

महिना कोणता? लोकांना आठवण होते एप्रिलमध्ये, जेव्हा स्लॅब तापलेला असतो आणि लेपातलं पाणी नीट पसरण्याआधीच उडतं. बारीक छिद्रं राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्याची ओल ओसरलेली असते, आणि काम चुकलं तर दुरुस्तीला उन्हाळ्याआधी वेळ मिळतो. थंडीत एक पथ्य मात्र आहे: दुपारी तीननंतर हात देऊ नये. रात्री दव पडतं, आणि न वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर पाण्याचे डाग उमटतात, कधी थर विरघळूनही जातो.

वॉरंटी वाचताना अपवाद आधी वाचा. बऱ्याच कागदांवर पाणी साचणं, पृष्ठभागाची हालचाल, नीट न केलेली तयारी आणि रंग फिका पडणं ही चारही कारणं वगळलेली असतात. लेप निकामी होतो तो बहुधा यांपैकीच कशाने तरी. शिवाय ती अनेकदा फक्त मालाची असते, मजुरी तुमची. दहा वर्षांच्या अशा कागदापेक्षा पाच वर्षांचा, पण वाळलेली जाडी आणि तीन वर्षांनंतरचं परावर्तन लिहिलेला करार मी पसंत करेन. भावांची तुलनाही तशीच करावी. एकाचा लेप चौरस फुटाला ४० रुपये आणि चार वर्षं टिकणार, दुसऱ्याचा ६० रुपये आणि आठ वर्षं, तर वर्षाला पहिला दहा रुपयांना पडतो आणि दुसरा साडेसातला. त्यात पुढच्या वेळी जुना थर खरवडावा लागेल की नुसता वरून हात चालेल, तो खर्चही धरा. अ‍ॅक्रिलिक इथे पुन्हा पुढे जातं.

सपाट, उतार चांगला असलेल्या आणि फार वर्दळ नसलेल्या गच्चीसाठी माझी पसंती स्पष्ट आहे: पुरेशा जाडीचा, चांगल्या प्रतीचा अ‍ॅक्रिलिक लेप, दर मार्चला धुणं, आणि पाच-सहा वर्षांनी झिजलेलं दिसलं की वरून एक हात. सगळा थर उडेपर्यंत थांबलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

आणि काम चालू असताना कोणीतरी गच्चीवर असावं. १००० चौरस फुटांना वरच्या हिशोबाने ९३ लिटर लेप लागतो, म्हणजे २० लिटरचे जवळपास पाच डबे, आणि प्रायमर त्याशिवाय. दोनच डबे वर गेलेले दिसले तर काम तिथेच थांबवा. रिकामे डबे मोजून, त्यांच्यावरचे बॅच क्रमांक लिहून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.